शंभर वॉटची आई

वीज गेली तेव्हा तिला आधी बरंच वाटलं, कारण या वेळीही इन्व्हर्टर ओरडला नाही. काही दिवसांपूर्वीपर्यंत वीज गेली रे गेली की पॅसेजमधलं ते खोकं आधी गुरगुरायचं आणि मग टूं-टूं करून जीव नकोसा करायचं. दोन यंत्रांचा भार एका बॅटरीवर पडला की त्याला तो झेपत नसे. आज पंखा थांबला, समोरच्या शिंप्याची मशीन गप्प झाली, पण तिच्या पडद्यावरचं चित्र तसंच पुढे सरकत राहिलं. एका वाचनालयाचं चित्र होतं ते. वाचनालय अजून कुठेच नव्हतं. नुसते नकाशे होते, आणि त्या नकाशांवरून तिथे दुपारचा उजेड कसा पडेल ते दाखवायचं तिचं काम होतं. गेली कित्येक वर्षं ती हेच करत आली होती, न बांधलेल्या खोल्यांमध्ये ऊन सोडायचं. आज तर ते चित्र तयार करून पाठवायचंच होतं, आणि इन्व्हर्टर शहाण्यासारखा वागत होता, म्हणून तिनं खुर्चीतच पाय ताणले आणि कण कण करत उजळत जाणारी ती भिंत बघत बसली. मग हळूहळू काहीतरी टोचायला लागलं. काय ते कळेना. पायात बारीक काच गेली की आधी नुसती जाणीव होते, जागा सापडत नाही, तसं. तिनं पडद्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, आणि मग एकदम तिच्या लक्षात आलं की घरात एक आवाज नाही. पॅसेजपलीकडच्या खोलीतला, फस्स आणि टक्, फस्स आणि टक्, दिवसभर चालणारा. तो इतका सवयीचा झाला होता की असताना ऐकू येत नसे. आता तो नव्हता, आणि त्याचं नसणं अंगावर धावून आल्यासारखं झालं.

आई खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसली होती. नाकाला ऑक्सिजनची नळी तशीच होती, पण यंत्रावरचा हिरवा दिवा विझलेला. डोळे मिटलेले, हात गुडघ्यांवर, ओठ जांभळट. "आई! अगं, हे बंद कसं झालं?" ती ओरडली. आईनं डोळे उघडले नाहीत. फक्त उजव्या हाताचं एक बोट वर केलं. थांब. जरा थांब. ते बोट तिला ओळखीचं होतं. तलावाच्या काठावर उभी राहून, रडणाऱ्या पोरांना, घाबरलेल्या आयांना, शिस्त मोडणाऱ्या दांडगटांना आई असंच एक बोट दाखवायची आणि सगळे थांबायचे. आजही क्षणभर ती थांबलीच. मग भानावर येऊन तिनं बटण दाबलं. यंत्र एकदा किंचाळलं, थरथरलं आणि फस्स करून चालू झालं. पॅसेजमध्ये इन्व्हर्टरनं लगेच टूं-टूं सुरू केलं. आईच्या छातीत काहीतरी वर आलं, खाली गेलं, पुन्हा वर आलं. बऱ्याच वेळानं तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "झालं का तुझं चित्र?"

"तू बंद केलंस हे?"

"वीज येईपर्यंतच."

"म्हणजे नेहमी करतेस?"

"नेहमी कुठलं! तुझं चालू असलं तरच." आई बोलता बोलता थांबली, श्वास घेतला, आणि वर हसली. "त्या दिवशी फोनवर तूच नाही का म्हणालीस, एका बॅटरीवर दोन्ही नाही चालत म्हणून? मग म्हटलं, एक चालू दे."

ती तिथेच जमिनीवर बसली. इन्व्हर्टर ओरडत होता, तिच्या खोलीत चित्र पुढे सरकत होतं, आणि तिला उठून ते बंद करायचंही सुचेना. आपण या बाईला ओळखतो असं इतकी वर्षं समजत होतो, असं काहीसं मनात येऊन गेलं. राग यायला हवा होता आणि तो कुठेतरी होताही, पण त्याच्याआधी दुसरंच काही उभं राहिलं होतं, अंगावर काटा आणणारं. ही बाई, जिला न्हाणीघरापर्यंत जायचं तर मध्ये एकदा भिंतीला टेकावं लागतं, ती वीज गेली की आपल्या हातानं आपला श्वास बंद करून, डोळे मिटून, बसून राहत होती. कुणाला न सांगता. आणि वीज आली की पुन्हा बटण दाबून, जणू काही झालंच नाही अशी, वर्तमानपत्र चाळत बसत होती.

आई पोहायला शिकवायची. गावातल्या जुन्या तलावावर, अर्धं आयुष्य. तिचं खरं नाव फार थोड्यांना माहीत होतं. सगळे तिला शिट्टीबाई म्हणत, कारण गळ्यातली शिट्टी ती घरीसुद्धा काढायला विसरायची. अजूनही बाजारात टक्कल पडलेले, पोट सुटलेले पुरुष तिला अडवून विचारतात, शिट्टीबाई कशा आहेत? आणि विचारताना नकळत पोट आत घेतात. लहानपणी ती काठावर बसून आईची शिकवणी संपायची वाट बघायची. पाण्याचा तो औषधी वास, ओल्या फरशीचा गारवा, पत्र्याच्या छपराला आदळून परत येणारा पोरांचा कल्ला. शेवटचं पोर गेलं की आई शिट्टी काढून तिच्या हातात द्यायची, पाण्यात शिरायची आणि नाहीशी व्हायची. खरोखरच नाहीशी. पाणी पुन्हा सपाट व्हायचं, खिडक्यांच्या चौकटी त्यावर स्थिर व्हायच्या, आणि खाली, तळाशी, एक लांब सावली घाई न करता सरकत जायची. ती शिट्टी मुठीत घट्ट धरून बघत राहायची. दरवेळी तिला वाटायचं, आता नाही येत वर. आणि दरवेळी पार पलीकडच्या काठाला आईचं डोकं वर यायचं, शांत, जणू पलीकडच्या खोलीतून आली. तेव्हा तिला वाटायचं की इतर मुलांच्या आया हवेत राहतात आणि आपली दोन्हीकडे. आता डॉक्टर त्याच फुप्फुसांचे फोटो दिव्यासमोर धरून मान हलवत होते.

त्या दिवसानंतर घरात एक विचित्र शर्यत सुरू झाली. वीज गेली की ती धावत जाऊन आपला कॉम्प्युटर बंद करायची, आणि तिकडे आई हात लांब करून आपलं यंत्र बंद करायची. कधी दोन्ही बंद होऊन घर मसणासारखं शांत व्हायचं आणि दोघी आपापल्या खोलीतून एकमेकींना दटावायच्या. "आई, हात काढ तिथला!" "तू आधी तुझं चालू कर!" एकदा दोघींना हसू आवरेना, आणि हसण्यानं आईला धाप लागली, तेव्हा हसणं तिथेच गोठलं. पण वीज रोजच जात होती, आणि मध्येच बंद केलेलं चित्र पुन्हा पहिल्यापासून काढावं लागत होतं. आर्किटेक्टचा फोन यायचा. चांगला माणूस होता, पण चांगल्या माणसालाही इमारत उभी करायची असते. दूरच्या शहरातल्या भावाला तिनं सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, तू सरळ बाहेर नोकरी बघ, आईला बाई ठेवू." आईनं ते स्पीकरवर ऐकलं आणि म्हणाली, "बाई ठेवायची तर मला पोहता येणारी ठेव." भावानं विषय सोडला. त्यानंतर मात्र आई खिडकीबाहेर बघत, तिच्याकडे न बघता म्हणाली, "मी तुझं काम खाते आहे." एवढंच. हा कॉम्प्युटर जुना होता, उन्हाळ्यात खोली तापवायचा, भट्टीसारखा घुमायचा. दुसरा घ्यायचाच होता. पण आता तिला कळलं की तो घेताना वेग आणि किंमत एवढंच बघून भागणार नव्हतं. त्या बॅटरीत जेवढं मावतं तेवढ्यात दोघींना राहायचं होतं.

छातीच्या डॉक्टरांकडे नेहमीची फेरी होती, तेव्हा तिच्या तोंडून एक प्रश्न निघून गेला. आई बाहेर वजन करत होती. "डॉक्टर, माणूस किती वॉटचा असतो?" डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नसावा. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि परीक्षेला बसल्यासारखे छताकडे बघत राहिले. "नुसता बसलेला? शंभराच्या आसपास. जुना पिवळा बल्ब असायचा ना, तेवढा. तुमच्या आईंचं थोडं कमीच असेल. त्यातले पंचवीसही नसतील, तेवढे डोक्याला जातात." आणि मग त्यांना स्वतःलाच गंमत वाटली असावी, कारण ते पुन्हा लिहायला लागेनात. "कमाल आहे नाही?" ते म्हणाले. परत येताना रिक्षात आई बाहेर बघत होती, छोटं सिलिंडर दोघींच्या मध्ये तान्ह्या पोरासारखं ठेवलेलं. आणि ती आईकडे बघत होती. शंभर वॉट. या एवढ्याशा विजेवर तो तलाव आहे, ती सगळी पोरं आहेत, कोण पाण्याला घाबरायचं आणि कोण काठ सोडायचं नाही हे सगळं आहे, वडिलांच्या आजारपणातलं ते वर्ष आहे, मी आहे. पंचवीस वॉटच्या आत. आणि मी चित्र काढते त्या यंत्राला एका रिकाम्या खोलीत ऊन पाडायला याच्या कितीतरी पट लागतात. तिला हे विचित्र वाटलं, जवळजवळ भीतिदायक. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा आईनं वळून विचारलं, "काय बघतेस एवढं? तोंडाला काही लागलंय?"

घड्याळवाल्याचं दुकान वळणावर होतं. पाटीवर अजून घड्याळंच होती. वडिलांच्या मागे मुलानं धंदा बदलला, पाटी बदलली नाही, म्हणून कॉम्प्युटर जोडून देणाऱ्या त्या गृहस्थाला सगळे घड्याळवालाच म्हणत. तिनं काम सांगितल्यावर त्यानं काउंटरवर सगळ्यात मोठ्या प्रोसेसरचं खोकं ठेवलं आणि त्यावर असा हात फिरवला की जणू लग्नाचा मुलगा दाखवतोय. "तुमच्या कामाला हाच. चित्र असं निघेल, असं!" त्यानं चुटकी वाजवली.

"खातो किती?"

"खातो म्हणजे?"

"वीज."

तो हसला. "अहो ताई, गाडी घ्यायला आलात की पेट्रोल मोजायला?" मग तिनं त्याला आईचं सांगितलं. सगळं नाही, बटणाचं नाही. बॅटरी एक आणि यंत्रं दोन, त्यातलं एक श्वासाचं, एवढंच. घड्याळवाल्याचा चेहरा बदलला. "शिट्टीबाई?" त्यानं विचारलं. त्यानं नकळत पोट आत घेतलं. "मला त्यांनीच पाण्यात ढकललं होतं." मोठं खोकं त्यानं बाजूला सरकवलं आणि आतून सगळ्यात लहान, स्वस्त प्रोसेसर काढला. "मग हा. काही खात नाही. पण तुमचं चित्र..." तो अडखळला. लहान प्रोसेसर कमी वीज घेणार हे खरं, पण तेच चित्र काढायला तो दुप्पट-तिप्पट वेळ घेणार, आणि तेवढा वेळ पडदा, पंखे, बाकीचं सगळं चालूच राहणार. शेवटी हिशेब जवळजवळ तिथेच येणार. म्हणजे हळू खाणाराही शेवटी पोटभरच खातो, ती म्हणाली, आणि दोघंही काउंटरवरच्या त्या खोक्यांकडे बघत उभी राहिली. खरेदी-विक्री बाजूलाच राहिली होती. शेजाऱ्याच्या अडचणीवर डोकं चालवावं तसं झालं होतं.

विचार करता करता त्यानं ड्रॉवरमधून एक मेलेला प्रोसेसर काढला. त्याचं वरचं धातूचं झाकण कधीतरी उचकटलेलं होतं. "हे बघितलंय कधी?" म्हणून त्यानं वडिलांचं डोळ्याला लावायचं भिंग तिला दिलं. तिनं ते डोळ्यात धरलं आणि खाली वाकली. आधी नुसता आरसा दिसला, आरशात तिचीच पापणी. मग त्यानं दिवा थोडा तिरका केला आणि आतून रंग वर आले, तेलाच्या तवंगासारखे, हिरवे, जांभळे, तांबूस. आणि त्या रंगांत चौकोन होते. चौकोनांत आणखी चौकोन, गल्ल्या, चौक, एकसारख्या वाड्यांच्या रांगा, विमानातून दिसणाऱ्या शहरासारखं काहीतरी, फक्त नखावर मावणारं. "तुम्हाला दिसतंय ते नुसते मोहल्ले," घड्याळवाला म्हणाला, त्याचा आवाज जरा हळू झाला होता, "घरं दिसत नाहीत. घरं या भिंगानं काय, कशानंच दिसायची नाहीत आपल्याला. अब्जावधी आहेत म्हणतात. प्रत्येक म्हणजे एक बटण. चालू, बंद. एवढंच येतं त्याला." ती बघतच राहिली. तिच्या श्वासाची वाफ काचेवर धरली आणि शहर धुक्यात गेलं. तिनं वाट बघितली, धुकं विरलं, गल्ल्या परत आल्या. आपण इतकी वर्षं या शहराकडून ऊन पाडून घेतलं, आणि हे कधी बघितलंही नाही. कुणीतरी हे आखलं असेल. माणसांनी, खुर्चीत बसून, चहा पीत, घरी कुणी आजारी असताना. प्रत्येक बटण चालू, बंद, चालू, बंद, सेकंदात मोजता येणार नाही इतक्यांदा, आणि त्यातून शेवटी काय, तर भिंतीवर पडलेलं दुपारचं ऊन. तिला आईचा हात आठवला, यंत्राच्या बटणाकडे लांब होणारा, आणि भिंग डोळ्यावरून काढताना तिचा डोळा पाणावला होता. घड्याळवाल्याला वाटलं, ताण आला. "सवय नसली की येतं पाणी," तो म्हणाला.

मधला प्रोसेसर काढायची कल्पना त्याची, आणि त्याला आवर घालायची कल्पना तिची. त्यानं दुकानातल्याच एका मशीनमध्ये तो बसवला, भिंतीच्या प्लगमध्ये वॉट दाखवणारा छोटा मीटर अडकवला, आणि तिनं बरोबर आणलेल्या वाचनालयाच्या चित्राचा एक तुकडा लावला. मीटरचे आकडे भराभर चढले, पंखा घुमायला लागला. चित्र झालं. मग तिनं विचारलं, "याला सांगता येतं का, एवढ्याच्या वर खायचं नाही म्हणून?" येत होतं. सेटिंगमध्ये जाऊन त्याला मर्यादा घालता येत होती, पण घड्याळवाल्यानं आजवर ती कुणासाठी घातली नव्हती. लोक उलट वाढवून मागायचे. त्यानं वीज बरोबर अर्ध्यावर आणली. पुन्हा तेच चित्र लावलं. पंख्याचा आवाज उतरला, इतका की बाहेरच्या रस्त्यावरचं बोलणं ऐकू यायला लागलं. दोघंही पडद्याकडे बघत होती. तिला वाटलं, आता दुप्पट वेळ लागणार. चित्र कण कण करत भरत गेलं, आणि झालं. लागलेला जास्तीचा वेळ एवढाच, की मघाशी आलेला चहा अजून कोमट होता. घड्याळवाल्यानं मीटरवर टिचकी मारली. मीटर अडकला असेल असं त्याला वाटलं. त्यांनी पुन्हा करून बघितलं. पुन्हा तेच. "म्हणजे," तो सावकाश म्हणाला, "ती बाकीची अर्धी वीज..." "नुसत्या शेवटच्या घाईला," ती म्हणाली. तो खुर्चीत बसला. त्याच्या चेहऱ्यावर लहान मुलाचं आश्चर्य होतं. मग उत्साहाच्या भरात त्यानं तो मोठा प्रोसेसरही काढला आणि त्यालाही तसाच लगाम घातला, आणि तो तर आणखी कमी विजेत आणखी लवकर काम करून मोकळा झाला. पुष्कळ हात असलेला माणूस सावकाश काम करतो तसा. पण त्याची किंमत ऐकून ती मधल्यावर परत आली. वाचलेल्या पैशात दुसरी बॅटरी येत होती. "खरं आहे," घड्याळवाला म्हणाला, "हा कितीही गुणाचा असला तरी वीज गेल्यावर बॅटरी होऊन नाही उभा राहणार."

घरी येऊन तिनं आईला सांगितलं तेव्हा तिचा आवाज चढला होता, शाळेत काहीतरी पाहून आलेल्या पोरीसारखा. निम्म्या विजेत जवळजवळ तेवढंच काम! आई खुर्चीत मागे टेकून ऐकत होती. "मग त्यात नवल काय?" ती म्हणाली. "पाणी तेच करतं. आरामात जाशील तर... जाऊ देतं. जरा जोर केलास की तेही जोर करतं." तिनं श्वास घेतला. नळीत फस्स झालं. "पोरं पहिल्या दिवशी कशी हात मारतात, बघितलंयस ना. दमून जातात आणि तिथल्या तिथेच." मग अचानक म्हणाली, "मी बंद करून बसायचे ना, तेव्हा भीती नव्हती वाटत. खरंच. पाण्याखाली असतं तसंच होतं ते. शांत. सगळं लांब जातं. मला वाटायचं, मला येतंय अजून." तिला त्या जांभळट ओठांच्या मागे तळाशी सरकणारी ती लांब सावली दिसली, तीच, घाई नसलेली. हा त्याग होता असं ती समजून चालली होती. त्यागही होता. पण त्यात एक जुनी, आडदांड हौसही होती, आपण कुठवर जाऊ शकतो हे बघण्याची. "आई," ती म्हणाली, "पलीकडच्या काठाला तू वर यायचीस ना, तेव्हा मी अलीकडे शिट्टी घेऊन बसलेली असायचे. आता काठ कुठे आहे ते मला दिसत नाही." आईनं तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग आपला हात यंत्राच्या बाजूनं काढून मांडीवर घेतला.

नवा कॉम्प्युटर घरी आला तो घड्याळवाला स्वतः घेऊन. खरं म्हणजे त्याला शिट्टीबाईंना बघायचं होतं. दारात उभा राहून तो नुसता हात जोडत राहिला. आईनं त्याला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "तूच ना तो, शिडी सोडायचा नाहीस?" एवढा मोठा माणूस लाजून लाल झाला. कॉम्प्युटर आणि दुसरी बॅटरी जोडून, मर्यादा घालून झाल्यावर त्यानं सोबत आणलेला वॉटचा मीटर आईच्या यंत्राला लावून बघितला. आईनं मान पुढे करून आकडा वाचला. "आणि तिचं?" तो पुटपुटला, "ताईंचं याच्या निम्म्याहून कमी." आई म्हणाली, "बघ, म्हणजे घरात सगळ्यात खादाड मीच." पण या वेळी ते म्हणताना ती खिडकीबाहेर बघत नव्हती. त्यानंतर दोनच दिवसांनी भर दुपारी वीज गेली. ती खुर्चीत बसल्या बसल्या गोठली. पंखा थांबला. शिंप्याची मशीन थांबली. पॅसेजमधलं खोकं एकदा खाकरलं आणि गप्प बसलं. चित्र चालू होतं. तिनं श्वास रोखून कान दिले. फस्स, टक्. फस्स, टक्. तिनं पाय जमिनीवर टेकवले, पण उठली नाही. उठून बघायला जाणं म्हणजे आईवर पहारा ठेवण्यासारखं झालं असतं. ती ऐकत राहिली. घाम मानेवरून पाठीत उतरत होता. फस्स, टक्. आणि तेवढ्यात त्या आवाजाच्या अलीकडे आणखी एक आवाज आला, जमिनीवर काहीतरी घासल्याचा, थांबत थांबत येणारा. आई लांब नळी ओढत, भिंतीला धरत, पॅसेज ओलांडून येत होती.

इतक्या वर्षांत आई तिच्या कामाच्या खोलीत काम बघायला म्हणून कधी आली नव्हती. तिनं उठून खुर्ची दिली. आई बसली, दम खाल्ला, आणि पडद्याकडे बघितलं. पडद्यावर अजून नुसता काळोख होता आणि त्यात राखाडी कण तडतडत होते. "बिघडलंय का?" आईनं विचारलं. "नाही. आता होतं. ते एकेक किरण शोधत जातं. खिडकीतून येऊन कुठे आपटला, तिथून कुठे गेला. पुष्कळ वाया जातात. जे पोचतात त्यांचं चित्र होतं." वीज नसल्यामुळे खोली अंधारली होती, खिडकीचे पडदे उन्हामुळे ओढलेले होते. कण हळूहळू जमत गेले. आधी एक कड आली, मग त्या कडेला एक पायरी चिकटली, मग लांब टेबल, टेबलावर उंच खिडकीतल्या उजेडाचा लांबट तुकडा. कुणी काही करत नव्हतं, तरी ते होत होतं. तिनं हे हजारदा बघितलं होतं, पण आज ती पडद्याकडे बघतच नव्हती. ती बाजूला उभी होती आणि आईकडे बघत होती. आईचा चेहरा आधी काळोखात होता. मग कपाळ दिसायला लागलं. मग गालाचं हाड, नाकाखालची नळी, नळीवरचा श्वासाचा बारीक दमटपणा, उघडे राहिलेले ओठ, जांभळट नाही, त्यांच्या त्यांच्या रंगाचे. अजून न बांधलेल्या एका भिंतीतल्या, अजून न बसवलेल्या एका खिडकीतून ऊन येत होतं आणि आईच्या चेहऱ्यावर खरंच पडत होतं. तिला हात पुढे करून त्याला शिवावंसं वाटलं. तिनं केला नाही. यंत्र आपल्या लयीत फस्स म्हणत होतं, नवा पंखा इतका हलका होता की तो आहे की नाही कळत नव्हतं, आणि आईची छाती वर जात होती, खाली येत होती.

चित्र पूर्ण झालं. आई तरी बघत राहिली. मग टेबलाच्या टोकाशी असलेल्या त्या उजेडाच्या तुकड्यावर तिनं पडद्याला न लावता बोट धरलं आणि विचारलं, "इथे माणसं नाहीत?"

"मागून घालतात. आर्किटेक्ट घालतो."

"बरं केलंस, नाही घातलीस ते," आई म्हणाली. तिनं श्वास घेतला, सावकाश, पोटातून, पाण्यात शिरण्याआधी घ्यायची तसा, आणि खुर्चीत मागे टेकली. "उद्या कुठली खोली आहे?"